रक्त वाढायची पावडर

बारावीच्या वर्षी आईनं मला रोज सकाळी एक पावडर द्यायला सुरुवात केली. तपकिरी रंगाची, जराशी कडवट. कोमट पाण्यात ढवळून ती पेला माझ्या हातात द्यायची आणि मी रिकामा करीपर्यंत समोर उभी राहायची.

"रक्त कमी शे तुन्हं," ती म्हणाली. "अभ्यासाचं वर्ष शे. घेत जा."

मी घेत गेले. आईनं दिलं की घ्यायचं, त्यात विचारण्यासारखं काही असू शकतं हे तेव्हा डोक्यातही येत नव्हतं.

आमचं गाव चोपड्याजवळ. घरी केळी आणि कापूस. घरात आम्ही अहिराणी बोलतो. इथं लिहिताना मी बरंचसं नेहमीच्या मराठीत आणलंय, पण काही वाक्यं मला ज्या शब्दांत आठवतात त्याच शब्दांत ठेवली आहेत. ती बदलली की त्यांचा चटका जातो.

मी खाणारी पोर होते. वडिलांना आम्ही नाना म्हणतो. नानांना माझ्या खाण्याचं कौतुक होतं. थंडीत शेतात काटक्याकुटक्यांवर वांगी भाजून भरीत व्हायचं, तेव्हा नाना पहिला घास माझ्या तोंडात घालायचे आणि आलेल्या पाहुण्याला सांगायचे, "मनी आंडेर खाती-पिती शे." माझी पोर खाऊन-पिऊन आहे, एवढाच त्याचा अर्थ. मी दहावीला तालुक्यात वरच्या नंबरात आले तेव्हाही त्यांनी इतक्या अभिमानानं कोणाला सांगितलं नसेल.

आईचं वेगळं होतं. आई चिडली की जेवायची नाही. नानांशी वाद झाला, आजी काही बोचरं बोलली, की ती सगळ्यांना वाढायची, भांडी घासायची आणि "माले भूक नही" म्हणून ओट्याशी पाठ करून बसायची. कधी दोन दोन दिवस. ती आवाज चढवायची नाही, कधी माहेरी निघून गेली नाही. पण तिनं ताट बाजूला सारलं की घर गप्प व्हायचं आणि नाना शेवटी काहीतरी कबूल करायचे. मी हे लहानपणापासून पाहत होते. त्यातून मी काही शिकतेय हे मला कळत नव्हतं.

पावडर सुरू झाल्यावर महिन्याभरात माझी भूक गेली. पोट बिघडायला लागलं. जिना चढताना पायात गोळे यायचे. एकदा केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला माझ्या डोळ्यांपुढं अंधारी आली आणि मी टेबलाला धरून खाली बसले. मॅडमनी घरी निरोप पाठवला. आई मला चोपड्याच्या एका डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी जीभ पाहिली, डोळ्यांच्या पापण्या ओढून पाहिल्या आणि आईला विचारलं, "काही औषध चालू आहे का? चूर्ण, काढा, काहीही?"

"नाही," आई म्हणाली.

मला वाटलं, ती विसरली. मी तोंड उघडलं, "ती पाव..." तेवढ्यात टेबलाखाली तिचा हात माझ्या मनगटावर आला आणि घट्ट दाबला गेला. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "घरगुती वस्तू डॉक्टरला सांगायच्या नसतात, ते रागावतात." मला ते पटलं. सतरा वर्षांच्या मुलीला आईचं किती लवकर पटतं, याचं मला आज नवल वाटतं.

त्याच उन्हाळ्यात, परीक्षा झाल्यावर, चाळीसगावला मामाच्या मुलाचं लग्न होतं. हळदीच्या दिवशी दुपारी मांडवात बायकांची पंगत बसली होती. माझ्या हातात ताट होतं. मामी वाढता वाढता माझ्यापाशी थांबली, हनुवटी धरून माझा चेहरा इकडेतिकडे वळवून पाहिला आणि शेजारच्या बायकांना म्हणाली, "बघा बरं, काय सुरेख बारीक झाली. मी सांगितलेली पावडर लागू पडली."

"कोणती पावडर?" मी विचारलं.

"ती गं, जळगावच्या वैद्याची. बारीक व्हायची. तुझी आई दर आठवड्याला फोन करायची मला, आता किती फरक पडला ते सांगायला."

"ती रक्त वाढायची होती," मी म्हणाले.

मामी हसली. पंगतीतल्या दोन-तीन बायकाही हसल्या. त्या हसण्यात दुष्टपणा नव्हता. आत्ताच मोठ्या झालेल्या मुलीला मोठ्यांची गंमत कळते तेव्हा बायका हसतात, तसं ते होतं. "अगं, तुला तसं सांगितलं असेल," मामी म्हणाली. "धुळ्याचं स्थळ आहे, चांगलं घर. त्यांना सडपातळ पोरगी पाहिजे. तुझे नाना स्वतः जाऊन घेऊन आले पावडर. फोटो पण पाठवला तुझा."

नाना मला म्हणाले होते, "तू शिक. लग्नाचं आपण मागून बघू." मी फार्मसीला जायचं हे घरात ठरलेलं होतं. म्हणजे मला तरी ते ठरलेलं वाटत होतं.

मी मांडवात नजर फिरवली. आई पलीकडच्या ओळीत भाजी वाढत होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, मामीकडे पाहिलं आणि मान खाली घालून पुढच्या पानाकडे सरकली. तिला समजलं होतं. ती माझ्याकडे आली नाही. मी ताट खाली ठेवलं. त्या दिवशी मी पुन्हा जेवले नाही आणि ते कोणाच्या लक्षातही आलं नाही, कारण लग्नघरात कोण जेवलं आणि कोण नाही हे कोण बघतं.

घरी आल्यावर मी आईला विचारलं. ती वाती वळत बसली होती.

"रक्ताची आहे असं का सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर घेतली असतीस?"

"नाही."

"मग." तिनं वात तेलात बुडवली. तिच्या दृष्टीनं विषय संपला होता.

नानांना मी शेतात गाठलं. ते केळीच्या घडांना टेकू लावत होते. मी विचारलं, "नाना, पावडर तुम्ही आणली?"

ते थांबले नाहीत. बांबू जमिनीत रोवता रोवता म्हणाले, "तुन्ही मायनी सांगं, मी लई उनू." तुझ्या आईनं सांगितलं, मी आणली. मी अजून थोडा वेळ उभी राहिले. वाटलं, पुढं काहीतरी बोलतील. ते दुसऱ्या झाडाकडे गेले.

आईनं फसवलं हे मला कळत होतं, तिचा निदान राग तरी करता येत होता. पण ज्या माणसानं मला पहिला घास भरवला, त्यानं माझं खाणं मारायची पुडी खिशात घालून जळगावहून आणली होती आणि त्याबद्दल त्याला काही म्हणायचंही नव्हतं. याचं काय करायचं ते मला सुचेना.

तेव्हापासून मी माझ्यासमोर न केलेलं काही खाईनाशी झाले. आधी नुसतं एवढंच. आई कणीक मळायला बसली की मी जाऊन उभी राहायची. पाणी स्वतः भरून घ्यायची. मग वाटायला लागलं, मी यायच्या आधी पिठात काही घातलं असेल तर? मग भाकरी बंद झाली. मग दूध. मग वरण, कारण वरणात काही दिसत नाही. एकेक पदार्थ गळत गेला. कोणी विचारलं की मी म्हणायची, डाएट चालू आहे. हा शब्द सगळ्यांना आवडायचा. मामीचा फोन आला की आई सांगायची, "आता तीच सांभाळते." ज्यांनी मला लबाडीनं बारीक केलं होतं, ते आता मी स्वतःहून वाळत होते तेव्हा मला शाबासकी देत होते.

धुळ्याचं स्थळ पाहायला आलं. मी चहा घेऊन बाहेर गेले. दोन दिवसांनी निरोप आला, मुलगी आजारी दिसते. नानांनी तो निरोप ऐकला आणि पंधरा दिवसांनी मला म्हणाले, "शिक मग." अशा रीतीनं मी फार्मसीला गेले.

धुळ्याच्या हॉस्टेलवर मी काय खायची ते सांगते, कारण त्यात सगळं आलं. केळी. कवचातच उकडलेली अंडी. टरफलातल्या शेंगा. संत्री. बिस्किटांचे पुडे, पण स्वतःच्या हातानं फोडलेले. ज्याला साल आहे आणि जे माझ्या आधी कोणी उघडलेलं नाही, एवढंच. मेसमध्ये मी ताट घेऊन बसायची आणि ताट तसंच ठेवून उठायची. नाना महिन्यातून एकदा यायचे, आमच्याच बागेतली केळी आणायचे. मी त्यांच्यासमोर तीन-चार खायची. ते खूश व्हायचे. त्यांना वाटायचं, पोर घरचं आवडीनं खाते. साल आहे म्हणून खाते, हे मी त्यांना कधीच सांगितलं नाही.

आई डबा पाठवायची. शेव, लाडू, कधी मेथीची धिरडी. मी तो तसाच रूममेटपुढं ठेवायची. ती शिरपूरकडची, जोरात हसणारी, खायला आवडणारी मुलगी. पण एकदा परीक्षेच्या सुट्टीत ती गावी गेली होती, दुपारची वेळ होती आणि खोलीत मी आणि तो डबा. मी झाकण उघडलं आणि थांबताच येईना. सगळा डबा संपवला. उभ्या उभ्या, रडत. चव अगदी घरची होती आणि त्याच चवीची मला भीती वाटत होती. नंतर चार दिवस उपाशी राहून मी स्वतःला शिक्षा केली. पुढं हे असंच चालू झालं. आठवडा आठवडा काही नाही आणि मग एखाद्या दुपारी सगळं. मला स्वतःची इतकी लाज वाटायची की मी आरशावर ओढणी टाकून ठेवली होती.

रूममेटनं डबा रिकामा पाहिला, मला पाहिलं आणि एक दिवस सरळ विचारलं. मी तिला सगळं सांगितलं. पावडर, मामी, मांडव. कोणाला सांगणार नाही अशी तिच्याकडून शपथ घेतली. तिसऱ्या दिवशी ती हॉस्टेलच्या मॅडमना घेऊन खोलीत आली.

"शपथ मोडली मी," ती म्हणाली. "तू कालही चक्कर येऊन पडलीस. मला भीती वाटली."

मी तिच्याशी महिनाभर बोलले नाही. आता हीसुद्धा, एवढंच माझ्या डोक्यात होतं. आज ती माझी सगळ्यात जवळची मैत्रीण आहे, पण त्या महिन्यातला माझा राग खोटा नव्हता.

मॅडम मला एका मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेल्या. मध्यमवयीन, हळू बोलणाऱ्या. मला वाटलं, त्या सगळ्यांसारखं विचारतील, कोणासारखं दिसायचंय? त्यांनी विचारलं, "वजन कमी करायचंय तुला?"

"नाही."

"मग खात का नाहीस?"

"कशात काय घातलंय ते मला माहीत नसतं."

त्यांनी पेन खाली ठेवलं. त्यानंतर आम्ही पाच-सहा महिने बोलत होतो. मी म्हणायची, हे पावडरीमुळे झालं. त्या हो म्हणायच्या, पण तिथंच थांबू द्यायच्या नाहीत. पावडर माझ्या मामेबहिणीलाही दिली होती, तीही न सांगता. तिला कळलं तेव्हा ती आपल्या आईवर, म्हणजे मामीवर, ओरडली, आठवडाभर फुगून बसली आणि मग आनंदानं पाणीपुरी खायला गेली. ती ठीक आहे. मग मलाच का?

"तुमच्या घरात बाई रागावली की काय करते?" बाईंनी एकदा विचारलं.

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मला ओट्याशी पाठ करून बसलेली आई दिसली. मामेबहीण ओरडली होती. मला ओरडता येत नव्हतं. आमच्याकडे नाही म्हणायचा एकच रस्ता होता आणि तो ताटावरून जात होता. त्यात माझा स्वभाव. गणित सुटेपर्यंत न उठणारी मुलगी मी, एकदा नियम केला की मोडायचा नाही. त्या स्वभावाचं सगळे कौतुक करत आले होते. बाई म्हणाल्या, असं कधी एका कारणानं होत नाही. काही माणूस जन्माला येताना आणतो, काही घरात उचलतो आणि मग कोणीतरी एक काडी टाकतं. मला ते पटलं, पण काडी कोणी टाकली हे मी विसरायला तयार नव्हते.

मग त्यांनी आई-नानांना बोलावलं. नाना बाहेर बाकावर बसले, आई आत आली. नवीन साडी नेसून. बाईंनी काही आरोप केला नाही. नुसतं म्हणाल्या, "हिला बारावीत एक पावडर दिली जायची, ती कशाची होती एवढं तुम्ही हिला सांगितलंत तर बरं होईल."

"कसली पावडर?" आई म्हणाली. "आम्ही काही दिलं नाही. रक्ताच्या गोळ्या होत्या डॉक्टरांच्या."

मी तिच्याकडे बघत राहिले. ती माझ्याकडे बघत नव्हती. चोपड्याच्या दवाखान्यात तिनं माझा हात दाबला होता. या वेळी तिला तेही करावं लागलं नाही. मी खोलीतून उठले. बाहेर नाना म्हणाले, "काय व्हयनं?" मी त्यांच्याजवळून तशीच चालत बाहेर गेले.

पुढच्या भेटीत मी बाईंना म्हणाले, "तुम्हाला वाटत असेल मीच रचून सांगते."

"मला तसं वाटत नाही," त्या म्हणाल्या. "पण ती हो म्हणेपर्यंत तू उपाशी राहणार असशील, तर तुझं जेवण अजून तिच्याच हातात आहे."

या वाक्याचा मला राग आला आणि त्याच रागानं मी सुधारायला लागले, असं म्हटलं तरी चालेल. पहिला घास रूममेटच्या ताटातला. ती आधी खायची, मग मी. लहान मुलाला भरवतात तसं. मग मेसमध्ये मावशींच्या शेजारी उभं राहून, माझ्या डोळ्यांदेखत लाटलेली पोळी. दोन वर्षं लागली. परीक्षा आली की सगळं परत घसरायचं, मग पुन्हा पहिल्यापासून. आता मी धुळ्यातच नोकरी करते, एकटी राहते, स्वतः रांधते आणि बाहेरही खाते. लग्नाच्या पंगतीत मात्र अजून जात नाही.

मागच्या वर्षी आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन धुळ्याला झालं. ती दहा दिवस माझ्याकडे होती. मी तिच्या डोळ्यांत थेंब घालायची आणि ते मुरेपर्यंत ती डोळे मिटून पडून राहायची. एका सकाळी तशीच पडलेली असताना ती बोलायला लागली. तिची एक मोठी बहीण होती हे मला माहीत होतं, फोटोतली. तिला सासरच्यांनी वर्षाच्या आत माहेरी आणून सोडलं होतं. कारण काय, तर जाड आहे, कामाला लवत नाही. ती उरलेलं आयुष्य भावांच्या घरात चुलीपुढं राहिली. कोणी तिला बाहेरच्या खोलीत बसू दिलं नाही.

"तू खायला लागलीस की मला तीच दिसायची," आई म्हणाली.

हे तिनं आधी कधीच सांगितलं नव्हतं. मला वाईट वाटलं, मावशीसाठी आणि तिच्यासाठीही. पण मी विचारलंच. "मग त्या डॉक्टरबाईंसमोर नाही का म्हणालीस?"

तिनं डोळे उघडले नाहीत. "तिच्यापुढं हो म्हणाले असते तर मी तुझी आई उरले असते का?"

"मला तेव्हा तुझ्या हो ची गरज होती."

"हं," ती म्हणाली.

दोन दिवसांनी दुपारी मी आतल्या खोलीत कपडे घडी करत होते. आईचा फोन वाजला. मामीचा होता. मामीची नात सातवीत आहे आणि तिच्या वजनाची आता घरात चर्चा सुरू झाली आहे, एवढं मला पलीकडच्या आवाजावरून कळलं. आई बराच वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, "पावडर-बिवडर देऊ नको तिले. मी दिनी व्हती मनी आंडेरले, न सांगता. मंग तिनी मना हातनं खायंच नही."

चौदा वर्षं ज्या वाक्याची मी वाट पाहिली होती ते तिनं बोलून टाकलं होतं, सरळ, रडारड न करता, आणि ते मला नाही, मामीला. ज्या मामीनं भर मांडवात हसत हसत मला सांगितलं होतं, तिला.

फोन ठेवल्यावर मी बाहेर आले. "मी ऐकलं," मी म्हणाले.

आईनं डोळ्यांवरचा काळा चष्मा सारखा केला. "ऐकलं ना," ती म्हणाली. "मग झालं."

तिचं झालं होतं. माझं झालेलं नव्हतं आणि अजूनही नाही. मामीच्या नातीला मी त्याच संध्याकाळी फोन केला. तिला कोणी काही खायला-प्यायला दिलं आणि ते कशाचं आहे ते कळलं नाही, तर मला विचारायचं, माझा नंबर लिहून ठेव, असं सांगितलं. तिनं विचारलं, "का गं आत्या?" मी तिला सगळं सांगितलं, जे मला कोणी सांगितलं नव्हतं ते.